गढीचा आडोसा

भोरला माझ्या माहेरी संडास होता. नव्वदच्या आसपास लग्न होऊन मी पानशेत धरणाच्या पाण्याकाठच्या गावात आले, आणि पहिल्याच पहाटे थोरल्या जाऊबाईंनी हातात टमरेल देऊन मला गढीकडे नेलं.

गढी म्हणजे जुन्या मातीच्या तटाचा उरलेला ढिगारा. एका अंगाला ढासळलेला बुरूज, आणि खाली धरणाचं पाणी ओसरलं की उरणारी दलदल. तटाच्या आडोशाला गावातल्या बायका परसाकडं बसायच्या. पाय ठेवायला स्वच्छ जागा म्हणून नव्हती. खालून कुजक्या गाळाची वाफ यायची, वर माश्यांचं घोंगावणं. मी ओकले आणि तशीच परतले. सवय होईल, असं जाऊबाई म्हणाल्या. झाली नाही. घरी आल्यावर कितीही पाय घासले तरी भाकरी थापताना तो वास नाकात असायचा.

मग एका उन्हाळ्यात पुण्याहून जीपमधून काही तरुण मंडळी आली. त्यांना तट बघायचा होता, बुरुजाला हार घालायचा होता. तिकडे जाऊ नका, असं सासूबाईंनी सांगितलं. पण परक्या पुरुषांना कारण कसं सांगणार? ते गेले आणि बरबटलेले बूट घेऊन आले. मी सकाळीच सारवलेल्या आमच्या ओट्याच्या कडेला बूट खरवडत त्यांच्यातला एकजण गावाला लाज कशी नाही, हे ऐकवत राहिला. ती घाण ओट्यावरून ओघळताना मी बघत होते. त्या माणसाला पाण्याचा तांब्या द्यायचंसुद्धा माझ्या जिवावर आलं.

जाऊबाई तेव्हा पोटुशी होत्या. दारातूनच त्या म्हणाल्या, "मग आमी कुठं जायचं, ते बी सांगून जावा."

मंडळी जीपमध्ये बसून निघून गेली. थोड्याच दिवसांत त्यांच्या तक्रारीवरून गढीभोवती काटेरी तार आली आणि बायका तटाखालच्या दलदलीच्या काठाला जायला लागल्या. तिथेच एका पहाटे जाऊबाईंचा पाय घसरला आणि त्या कमरेपर्यंत रुतल्या. दुसऱ्या दोघींच्या मदतीने मी त्यांना ओढून काढलं. काय काय अंगाला लागलं होतं, ते आजही लिहवत नाही. विहिरीवर मी त्यांच्यावर पाणी ओतत होते आणि त्या मान खाली घालून रडत होत्या. पोटातल्या बाळाला काही झालं नाही, एवढंच बरं.

त्याच दिवशी मी नवऱ्याला सांगितलं, "संडास बांधा, नाहीतर मी भोरला चालले."

त्यांनी मान डोलावली. मामंजी मात्र बिथरले. घराला चिकटून घाण ठेवायची आणि तिथंच जेवायचं, हे त्यांना सहनच होईना. संडास झाला, आम्ही दोघी जावा सुखावलो. पण मामंजी शेवटपर्यंत त्यात गेले नाहीत. त्या दाराकडे नजर गेली की उपरण्याने नाक दाबायचे आणि टमरेल घेऊन दलदलीकडे निघायचे.