प्रीतिभोजनाचं पुडिंग

पवित्र गोष्टींना स्वतःचा सुगंध असतो म्हणतात. आमच्या चर्चच्या प्रीतिभोजनाला तो लसणाचा होता. अजूनही फ्रिज उघडताना लसणाचा भपकारा आला की मला तो रविवार आठवतो. बिशप येणार म्हणून आईने आदल्या दिवशीच कॅरमेल पुडिंग करून शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं, कारण आमच्याकडे फ्रिज नव्हता. काकूंनी त्याच्या शेजारीच सावजी मटणासाठी वाटलेला लसूण उघडा ठेवला. सकाळी आईने डब्याचं झाकण काढलं आणि ती मटकन खालीच बसली. “आता बिशपले काय वाढू वं?” “मटन वाढ,” काकू म्हणाल्या, “वास तर त्याचाच येऊन राहिला.” आई रडता रडता हसायला लागली. दुसरं करायला वेळ नव्हता, तेच नेलं. हार झाले, स्वागतगीत झालं, भाषणं तर संपेचनात. आई मागे भांड्यांपाशी लपून उभी होती. बिशपनी पुडिंग दोनदा मागून घेतलं, तेव्हा ती पुढे आली. पुढे कित्येक वर्षं ती हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आता माझ्याकडे मोठा फ्रिज आहे, माझ्या पुडिंगला कसलाच वास लागत नाही, आणि मला ते एका घासापुढे जात नाही. बिशपना त्या दिवशी सर्दी झाली होती, हे आईला आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही.