मामंजींना बाजेवरून उठवण्याची मोहीम

लग्न होऊन मी पिंपरीत आले तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि माझ्या शहाणपणाला सुमार नव्हता. सातवी पास, त्यातून शाळेत कवायतीच्या रांगेत सर्वांत पुढे उभी राहणारी. सासरच्यांना आपली फार गरज आहे अशी माझी पक्की समजूत होती. सासरच्यांना तसं कोणी कळवलेलं नव्हतं.

मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, जमीन कारखान्याच्या वसाहतीत गेली होती. आमच्या ह्यांना तिथेच नोकरी लागली, दोन खोल्या मिळाल्या. मामंजी जिथे ज्वारी पेरायचे तिथेच आता बाज टाकून बसायचे, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. औत नाही, मोट नाही, उठायचं कशासाठी? पाण्याचा नळ दारात, पिठाची गिरणी कोपऱ्यावर, म्हणून आत्याबाई, माझ्या सासूबाई, त्याही बाजेशेजारी पाट घेऊन बसू लागल्या. हे शिफ्टवरून आले की तिथेच टेकायचे. एसटीची वाट बघत असल्यासारखं सगळं घर बसलेलं.

मग मामंजींचे पाय सुजले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटरीवर बोट दाबलं, तो खळगा बराच वेळ तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, "यांना रोज चालवा. असेच बसून राहिले तर वर्षभरात परसाकडेसुद्धा उचलून न्यावं लागेल."

मामंजी घरी येऊन म्हणाले, "चालवाया मी काय घोडं हाय? कामाबिगर चालतंय ते यडं."

त्या रात्री हे जेवले नाहीत. तेव्हा मी ठरवलं, आता घराला मीच हलवणार.

पहिला प्रयोग कवायतीचा. सकाळी अंगणात पदर खोचून मी उभी राहिले आणि ह्यांना, आत्याबाईंना समोर उभं केलं. "एक, दोन, हात वर." आत्याबाईंनी एकच हात वर केला, दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर धरलेला. हात तसाच वर ठेवून म्हणाल्या, "सूनबाई, आता वरून काय काडायचंय?" समोरच्या खोल्यांतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. हे त्या दिवशी कामावर अर्धा तास आधीच निघून गेले.

दुसरा प्रयोग लबाडीचा. मामंजींची तंबाखूची चंची मी नळापाशी ठेवून आले. ती शोधायला तरी उठतील. ते बाजेवरूनच म्हणाले, "पोरी, माजी चंची बग कुटं ऱ्हायली." सुनेला नाही म्हणता येतं का? गेले, आणली. दुसऱ्या दिवशी गिरणीपाशी ठेवली, तिसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली. आठवडाभरात वसाहतीत सगळ्यांत जास्त चालणं कोणाचं झालं असेल तर ते माझं. मामंजींना पहिल्या दिवशीच कळलं होतं, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

मग एका रविवारी ह्यांच्या शिफ्टमधल्या मंडळींनी आट्यापाट्या खेळायचं काढलं, बायकापोरांसकट. पाट्या आखायचं काम मी मागून घेतलं. खेळ माहीत होता, आखणी नव्हती, पण ते कबूल करणाऱ्यांतली मी नव्हे. चुलीतली राख टोपलीत घेऊन बाजेसमोरच्या मोकळ्या जागेत आडव्या पाट्या ओढू लागले, मधून उभी सूरपाटी. पहिली पाटी आखूड, दुसरी लांब, सूरपाटी तर ओढ्यासारखी वळणं घेत गेलेली.

बाजेवरून आवाज आला, "वाकडं हाय."

"सरळच आहे, मामंजी."

"माज्या रानात मला सरळ शिकवती व्हय? बांध हितनं जात व्हता. त्याच्या अंगानं धर."

मी धरलं, ते आणखी वाकडं झालं. मग बाज करकरली. मामंजी उठले, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि पावलं मोजत निघाले. "चवदा, पंदरा. हितं टाक राख." पुढे ते, मागून टोपली घेऊन मी. आत्याबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. चार पाट्या झाल्यावर मामंजींना धाप लागली, ह्यांनी हात धरून परत नेलं. उरलेल्या पाट्या मी आखल्या. मामंजींनी पुढच्या रविवारी माझ्या पाट्या पायाने पुसून नव्याने आखायला लावल्या.

मग दर रविवारी ते आखणीला उठू लागले. पुढे पुढे रोजच संध्याकाळी. कामाबिगर ते चालतच नव्हते, पाट्या आखणं हे काम होतं. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी बोट दाबलं तर खळगा पडलाच नाही. त्याच आठवड्यात मामंजी पाट्या ओलांडणाऱ्यांना अडवायला स्वतः सूरपाटीवर उभे राहिले.

आता एक पंचाईत. सासरा सुनेच्या अंगाला हात लावत नसतो, आणि हात लावल्याशिवाय गडी बाद होत नाही. हे ध्यानात आल्यावर माझी स्वारी काय वर्णावी. डोक्यावर पदर, मान खाली, आणि अशी मर्यादशील सून मामंजींच्या समोरून खुशाल पाट्या ओलांडत जाते. ते बिचारे हात मागे घेऊन बाजूला होतात. सलग तीन डाव मी बाद झाले नाही. ह्यांना म्हटलंसुद्धा, "बघा, शाळेत मी अशीच होते."

चौथ्या डावाला मामंजी सूरपाटीवरून ओरडले, "ए, ऊठ गं. मला हिला हात लावता येत न्हाई."

आत्याबाई पाटावरून उठल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट केला, शेवटच्या पाटीवर येऊन उभ्या राहिल्या. मी मान खाली घालून, त्याच डौलात पोचले. पाठीत असा रट्टा बसला की पदर डोक्यावरून खांद्यावर आला.

"गेली," आत्याबाई म्हणाल्या. मग मामंजींकडे वळून, "आता रोज यावं लागंल मला. तुमच्याच्यानं ही आवरायची न्हाई."