चहात काहीतरी आहे

तेव्हा विरारला आमच्याकडे रोज तासन्‌तास वीज जायची, त्यामुळे सायबर कॅफेत जायचं तेसुद्धा लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून. शाळा सुटली की पोरांच्या तपासायच्या वह्या पिशवीत तशाच घेऊन मी तिथे जाऊन बसायचे. घरी सांगायचं, शिकवणी आहे. शिकवणी कसली डोंबलाची! माझ्या दादाचं डोकं फिरलं होतं आणि हे बोलायला मला कुणी माणूस नव्हतं.

दादा ड्राफ्ट्समन, भारी हुशार. माऊस धरायला, ईमेल लिहायला मला त्यानेच शिकवलं. मग त्याला आवाज ऐकू यायला लागले, नोकरी सुटली. गोळी दिली की थुंकायचा. शेजाऱ्यांनी विचारलं की आई म्हणायची, "कावीळ झालीय." दीड वर्षं कावीळ!

इंटरनेटवर मला एक ग्रुप सापडला, घरात असं कुणी आजारी असणाऱ्यांचा. तिथे मी सगळं ओकले. नाशिकच्या एका आईने लिहिलं, "रडून घे गं बाई, आम्ही वाचतोय." त्या खुर्चीतच मी ढसाढसा रडले. कॅफेवाल्याने मुकाट्याने पंखा माझ्याकडे वळवला.

गोळ्यांचं तिनेच सुचवलं. कुटून चहात घाल, आम्ही तेच करतो. माझ्या भल्यासाठीच सांगितलं तिने. दुसऱ्या दिवशी मी खलबत्त्यात गोळी कुटली, चहात आलं जास्त घातलं आणि ग्रुपवर लिहिलं, "प्यायला!" सगळ्यांनी शाबासकी दिली.

थोड्याच दिवसांत दादा म्हणाला, "चहात काहीतरी आहे."

"काहीतरीच काय रे! बहिणीने केलाय तुझ्या," आई म्हणाली. मी खाली मान घालून वह्या तपासत राहिले. डॉक्टरांना एवढंच सांगितलं, की चहात विष आहे म्हणतो. मीच गोळी कुटून घालतेय हे सांगायची हिंमत झाली नाही. त्यांनी डोस वाढवला. घरी येऊन मी दोन गोळ्या कुटल्या. जळो ते हात!

मग त्याने चहा सोडला. मग आमटी, मग घरचं पाणीही. बिल्डिंगखालच्या नळाला तोंड लावून प्यायचा. हाडं दिसायला लागली. मी ग्रुपवर लिहिलं, "आता कशात घालू? लवकर सांगा, मरेल हो तो."

दुसऱ्या दिवशी कॅफेवाला म्हणाला, "सकाळी तुमचे दादा येऊन गेले." ग्रुप उघडला तर माझ्या प्रश्नाखाली माझ्याच नावाने उत्तर होतं. खातं दादानेच काढून दिलेलं, पासवर्ड मी कधी बदललाच नव्हता.

"मी तिचा भाऊ. माझं डोकं बिघडलंय, मला कळतं. पण चहात होतं ना काहीतरी? माझी एवढी एकच गोष्ट खरी होती. तीही तुम्ही सगळ्यांनी मिळून खोटी पाडलीत."



मी धावत घरी आले. दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने हात पुढे केला. "इथे दे गोळी." मी दिली. बराच वेळ तिच्याकडे बघून त्याने ती गिळली. मी चहा केला, कप त्याच्यापुढे ठेवला.

"आधी तू पी," तो म्हणाला.

इतकी वर्षं झाली. गोळी तो माझ्या हातून घेतो. त्याच्या कपातला पहिला घोट अजून मीच घेते.