वॉल्व्हवरचा बाण

नव्वदच्या दशकात नारायणगावात माझा फोटो स्टुडिओ होता, तोही तळघरात. वरचा गाळा मिळाला नाही म्हणून खाली उतरलो आणि दर पावसाळ्यात स्वतःला शिव्या घातल्या. फरशी धुतलेलं पाणी कोपऱ्यातल्या जाळीतून पाइपाने मागच्या ओढ्यात जायचं. ओढा फुगला की त्याच पाइपाने परत यायचं, बाजारातल्या सडक्या टोमॅटोंचा वास घेऊन. जाळीवर मी पोती टाकली, पोत्यांवर दगड ठेवले. पाणी दगडाखालून आलं. घरमालक म्हणायचा ओढा ग्रामपंचायतीचा, ग्रामपंचायत म्हणायची तळघर मालकाचं. पाण्यात मात्र मी एकटाच उभा.

शेवटी पाइपात वॉल्व्ह बसवायचं ठरवलं, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा. त्यासाठी विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणारा एक मेकॅनिक बोलावला. वॉल्व्ह बसवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता.

स्टुडिओत अल्बम चिकटवायचं काम माझी बायको करायची. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, "अहो, ह्याच्यावरचा बाण खोलीकडं का? पाणी बाहेर जायला पाहिजे ना?"

मेकॅनिक हसला. "वैनी, समद्या इहिरींना आसाच बसीवतो. पाणी वर घ्यायचं, परत जाऊ द्यायचं न्हाई."

एवढं स्पष्ट बोलला बिचारा, पण मला ऐकायचंच नव्हतं. उलट बायकोवरच खेकसलो, "त्याचं काम त्याला कळतं. तू अल्बम बघ."

संध्याकाळी तिने खाली ठेवलेले निगेटिव्हचे खोके एकेक करून माळ्यावर चढवले. मी म्हणालो, कशाला उगाच. नशीब, तिने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओला सुट्टी होती आणि दुपारी धो धो पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतो तर ओढा कधीच ओसरलेला आणि आमच्या तळघरात मांडीभर पाणी. धबधब्याचं चित्र असलेला पडदा निम्मा बुडालेला. मेकॅनिकला बोलावलं. त्याने हात घालून तपासलं आणि अभिमानाने म्हणाला, "भाऊ, वॉल्व एकदम ओके हाय. थेंबभर पाणी मागं जाऊ दिलं न्हाई." त्याला त्याच पाण्यात बुडवावंसं वाटलं.

पाणी उपसलं. गिऱ्हाइकांचे सगळे खोके माळ्यावर कोरडे होते. जागा संपली म्हणून एकच खोका खाली राहिला होता, आमचा. त्यात लेकीच्या बारशाचा रोल होता. सासरे नातीला मांडीवर घेऊन बसलेले. पुढच्याच महिन्यात ते गेले. दोघांचा दुसरा फोटो नव्हता. दोन वर्षं बायको एक प्रिंट मागत होती, आणि गावभरचे अल्बम वेळेवर देणारा मी म्हणायचो, "निगेटिव्ह आहे ना, कुठं पळून जातेय?"

चिकटलेल्या पट्ट्या सोडवल्या, धुतल्या, चिमट्यांना टांगल्या. साय निघावी तसं चित्र फिल्मवरून सुटून आलं. बायको शेजारी उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

वॉल्व्ह फिरवून बसवला. नंतर कधी पाणी आलं नाही. काही वर्षांनी, शाळेत जायला लागलेल्या लेकीने जेवताना विचारलं, "बाबा सगळ्यांचे फोटो काढतात, मग माझा आजोबांबरोबर का नाही?"

"पावसात भिजला," बायको म्हणाली. तेव्हाही तिने माझं नाव घेतलं नाही.