एका तासाची शर्यत

धाकट्या भावाच्या, बाळूच्या पंक्चरच्या दुकानात सोल्यूशनचा वास आला की मला केज गावातलं सायकल शर्यतीचं मैदान आठवतं. तासाभरात सर्वांत जास्त फेऱ्या मारणाऱ्याला पुण्याच्या खेळाच्या शाळेत जागा मिळणार होती. बाळू सायकलवर होता, घड्याळ माझ्या हातात. त्याने एकाच चालीने चालवायची आणि मी सांगेन तेव्हाच वेग वाढवायचा, असं ठरलं होतं.

सुरुवातीलाच दुसरा पोरगा पुढे गेला. "झोपला का बे तुझा भाऊ?" मागून कुणीतरी हसलं. मी ओरडलो, "बाळ्या, पळव!"

त्याचा दम कमी पडला म्हणून तो हरला, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. धीर माझा सुटला होता.

थरथरत्या मांड्यांनी माझ्याजवळून जाताना त्याने विचारलं, "दादा, किती राह्यलं?"

अर्धा तास बाकी होता. मी घड्याळ मुठीत झाकलं.

"थोडंच हाय," म्हणालो.

त्याने विश्वास ठेवला आणि आणखी जोर लावला.