मल्लूदादाचा अबोला

फोन आला तेव्हा मी व्यंकूमामांच्या दारात रिक्षा थांबवून उभा होतो. सकाळचे साडेसात वाजले असतील. मामा आत इस्त्रीचा शर्ट घालत होते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बोटांना गळ्याजवळचं बटण सापडत नव्हतं. फोनवर सुरेखावहिनी होत्या, मल्लूदादाची बायको. त्या एवढंच म्हणाल्या, "आता नका आणू त्यांना..." मी रिक्षावाल्याला परत पाठवलं. मामांनी ते आतून ऐकलं आणि ते कॉटवर बसले. 

मल्लिनाथ, म्हणजे आमचा मल्लूदादा, जाऊन आता दीड महिना होत आला. मूत्रपिंडं निकामी झाली होती, पन्नाशीच जेमतेम गाठली. एकोणीस वर्षं तो आमच्या फुटबॉल क्लबचा कॅप्टन होता आणि व्यंकूमामा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे फार मोठं काही समजू नका. संघ निवडणं, चेंडूला पंप मारणं, मध्यंतराला लिंबं कापणं, सगळं मामाच करायचे. शोकसभेत लोक दादाच्या खेळाबद्दल भरभरून बोलले, बोलायलाच पाहिजे. पण त्या दोघांमधल्या अकरा वर्षांच्या अबोल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला तो काढणं भाग आहे, कारण त्यात माझाही हात आहे.

मामा शहराच्या पूर्व भागातले, तेलुगू बोलणारे विणकर. घरात दोन माग. त्या काळी ते टॉवेलांचे गठ्ठे घेऊन मंद्रूपच्या बाजाराला जायचे. तिथल्या शाळेच्या मैदानावर एक मास्तर सतरा वर्षांच्या एका पोराचा कान पिळत होते. पोरानं लाथ मारून शाळेचा नवा व्हॉलीबॉल फोडला होता. मामा मध्ये पडले आणि म्हणाले, "मारू नका मास्तर, हा पाय मला द्या." ही गोष्ट मामांनी आम्हाला शंभरदा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी दादा मागून म्हणायचा, "कान मात्र मास्तरकडंच ऱ्हायला बगा."

दादा मामांच्या घरी आला तो चार वर्षं राहिला. मागाच्या शेजारी झोपायचा. खटखटीत त्याला गाढ झोप लागायची आणि माग बंद पडला की जाग यायची. मामांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. त्यांच्या हातचा भात खाऊन तो वर्षभरात तेलुगू शिकला, आणि आणखी भात हवा म्हणून त्यांच्याशी तेलुगूतच भांडायला लागला. मामांना मूलबाळ नव्हतं. यापुढचं मी लिहायची गरज नाही. पुढं दादानं अक्कलकोट रोडला गेट-ग्रिलच्या वेल्डिंगचं दुकान टाकलं, लग्न केलं, पण रविवारचं जेवण अक्कांकडेच ठरलेलं.

मी गोलकीपर. आई टॉवेलच्या घड्या घालायची, वडील हमाल. आमच्या घरात कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं आणि मी बीए झालो, याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे. निकालाच्या दिवशी दादानं मला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली आणि तिथल्या भेळवाल्यालासुद्धा सांगितलं, "आमचा गोलकीपर बीए हाय." त्या दिवसापासून त्यानं मला नावानं हाक मारली नाही. मी बीएच झालो.

आमच्या क्लबात एक रीत होती. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मामा नावं सांगायचे आणि मी ती वहीच्या कागदावर लिहायचो. मामा फक्त तेलुगू लिहीत. दुसऱ्या दिवशी मैदानाकडेच्या कडुलिंबाखाली सगळे जमले की कॅप्टननं ती यादी मोठ्यानं वाचायची. मामा स्वतः कधी वाचत नसत. "मी बोललो तर पोरं हसत्यात, मल्लू बोलला तर पळत्यात," असं त्यांचं म्हणणं. दादाही यादी आधी कधी बघायचा नाही. कागद उघडायचा आणि सरळ वाचायला लागायचा, इतका त्याचा मामांवर भरवसा.

ती शहरातल्या स्पर्धेची अंतिम लढत होती. दादा एकोणचाळीस वर्षांचा. गुडघा दोन वर्षांपासून गेलेला, वळताना पाय मागं राहायचा. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, बोलत कुणीच नव्हतं. आदल्या संध्याकाळी मामांनी दहा नावं सांगितली आणि थांबले. मग म्हणाले, मल्लूच्या जागी त्या नव्या इरफानला लिही, मल्लूला बदलीत टाक. माझं पेन थांबलं. मी विचारलं, "मामा, त्याला सांगितलंय का?"

"तोंडावर बोलवत न्हाई मला," मामा म्हणाले. "उद्या तोच वाचंल की. म्हंजे पोरांना वाटंल, त्यानंच ठरवलंय. मान ऱ्हाईल त्याचा."

त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. घरी जाताना दादाचं दुकान माझ्या वाटेवर होतं. शटर उघडं होतं, आत वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. मी सायकल थांबवली नाही. का नाही थांबवली, याचं उत्तर मी बरीच वर्षं स्वतःला वेगवेगळं दिलं. साधं उत्तर असं की मला सामना जिंकायचा होता.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली दादानं कागद उघडला. पहिलं नाव माझं. एकेक करत तो अकराव्या नावाशी आला, "इरफान" म्हणाला, आणि कागद उलटा करून पाठीमागं काही आहे का ते बघितलं. मग "बदली खेळाडू" असं म्हणून त्यानं स्वतःचं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट वाचलं. आवाज जराही हलला नाही. दंडावरची कॅप्टनची पट्टी सोडून त्यानं इरफानच्या दंडाला बांधली आणि मामांकडं वळून हळूच म्हणाला, "मामा, मला एकदा सांगायचं हुतं."

तेव्हा मामांनी एवढंच म्हणायचं होतं की चुकलं. पण पंधरा पोरं बघत होती. मामा गोंधळले, आणि त्यांच्या तोंडून कधी न आलेलं वाक्य आलं.

"मॅनेजर कोण हाय हितं? मी का तू?"

दादा वळला. माझ्यापाशी आला, कागद माझ्या हातात दिला. "अक्षर लई झ्याक हाय बीए तुझं," म्हणाला.

सामना आम्ही एक-शून्यनं जिंकलो. गोल इरफाननं केला. म्हणजे मामांचा निर्णय बरोबर होता, आणि माझ्या मते तिथंच सगळं बिघडलं. हरलो असतो तर दोघं एकमेकांवर ओरडले असते, अक्कांनी दोघांना जेवायला बसवलं असतं आणि मिटलं असतं. दादा शेवटपर्यंत बाकावर बसला, पोरांना पाणी दिलं आणि चालत घरी गेला. परत त्या मैदानावर त्यानं पाय ठेवला नाही.

पुढची अकरा वर्षं मी निरोप वाहिले. मामा म्हणायचे, त्याला म्हणावं पोरांना शिकवायला ये. दादा म्हणायचा, मामांना पाय हायेत की, दुकान म्हाईत हाय. मामा म्हणायचे, वयानं मोठा मी. मला दोघांचंही पटायचं आणि मी घरी यायचो. अक्का गेल्या तेव्हा वाटलं, आता तरी. दादा आला, तिरडीला पुढून खांदा दिला, स्मशानापर्यंत बदलू दिला नाही. सगळं आटोपल्यावर लांब नळावर हातपाय धुतले आणि मामांकडं न बघता निघून गेला. मामा मला म्हणाले, "आला हुता न्हवं." जणू मी बघितलंच नव्हतं.

दादाचं डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी वहिनींना स्पष्ट सांगितलं, तेव्हा मामा स्वतःहून म्हणाले, मला घेऊन चल. दुपारी मी त्यांना दवाखान्यात नेलं. फाटकाजवळच्या बाकावर ते बसले. आधी त्याला विचारून ये, म्हणाले. दादा दुसऱ्या मजल्यावर, चेहरा सुजलेला. मी सांगितलं, मामा खाली आलेत. तो छताकडं बघत म्हणाला, "कशाला आलेत, विचार." मी खाली गेलो. मामा म्हणाले, बघायला आलोय म्हण. मी वर गेलो. अकरा वर्षांचे निरोप एका जिन्यावर आले होते. शेवटी दादा म्हणाला, "वर या म्हणाव... न्हाईतर जावा म्हणाव. मला आता काय फरक पडत न्हाई."

मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आलो. बाकावर कुणी नव्हतं.

संध्याकाळी मामांच्या घरी गेलो. ते अंधारात मागाशी बसले होते. मी चिडून विचारलं, का निघून आलात? तर म्हणाले, वॉचमननं विचारलं, पेशंट तुमचा कोण लागतो. "काय सांगू त्याला? लई येळ आठवलं. मग निघालो." मी त्यांना दादाच्या वाक्यातला पहिला तुकडा तेवढा सांगितला. मामा उठून उभे राहिले, म्हणाले, उद्या सकाळी लवकर रिक्षा आण. ती रिक्षा मी आणली होती.

हा लेख कुणी मामांना वाचून दाखवू नये, एवढी विनंती आहे.

दर रविवारी मी त्यांच्याकडे जातो. अक्कांच्या पश्चात जेवण असं नसतंच, कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते. मामा भाकरी मोडतात आणि विचारतात, "काय म्हणाला मल्लू?"

"वर या म्हणाला."

"चिडून म्हणाला का?"

"न्हाई मामा."

"कसं म्हणाला, तसं म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवतो. मामा डोळे मिटून ऐकतात आणि मान हलवतात. तसं न्हाई म्हणणार तो, म्हणतात. मग मी पुन्हा म्हणतो, जरा हळू, जरा मोठ्यानं. अजून एकदाही त्यांना तो मल्लूचा आवाज वाटलेला नाही.