मामाच्या आहेरातील यंत्र

आमच्या भागात आहेर पुकारून देतात. लग्न असो, बारसे असो, की कोणाचे पोर परीक्षा पास झालेले असो, मांडवात एक इसम माइक धरून उभा राहतो आणि कोणाकडून काय आले ते साऱ्या पंगतीला ऐकवतो. जेवणारे घास हातात धरून ऐकतात, मनातल्या मनात देणाऱ्याची पायरी ठरवतात आणि पुन्हा वरणभात कालवू लागतात. मी बालपणी पाठशाळेत राहून संस्कृत शिकलो. दान मुक्याने द्यावे, असे तिथे आमच्या मनावर बिंबवले होते. पुढे शेतकरी बापाच्या घरी परत आलो, शेती केली, गावच्या देवळातील नित्यपूजा सांभाळली, आणि आयुष्यभर हे पुकारणे ऐकत आलो. त्याचा मला वाटणारा तिटकारा मी कधी बोलून दाखवला नाही. स्वभाव सोशिक आहे, असे लोक म्हणतात. सोशिकपणात भित्रेपणाचा वाटा किती, हे त्यांनी कधी विचारले नाही.

यंदा माझ्या लेकीची लेक बारावी झाली आणि संभाजीनगरच्या महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. जावयांनी त्यांच्या गावी, आमच्यापासून कोसभरावरच्या वडीगोद्रीला सत्कार ठरवला. अशा प्रसंगी पहिला आहेर मामाचा, म्हणजे माझ्या मुलाचा. त्याचे बी-बियाण्यांचे दुकान आहे. गतसाली त्याच्या साडूने आपल्या भाचीला लॅपटॉप दिला होता व तो तीनदा पुकारला गेला होता. तेव्हापासून माझ्या मुलाच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. भाचीला काही तरी इलेक्ट्रॉनिक, हातात मिरवता येईल असे द्यायचे. काय द्यायचे ते ठरवायला तो, मी आणि नात जालन्याला गेलो.

नातीची दृष्टी जन्मापासून अधू आहे. चष्म्याने तिचे भागत नाही. फळ्यावरचे हातभर अक्षर तिला दिसते, पुस्तकातील ओळ मात्र काळ्या दोऱ्यासारखी दिसते, असे ती सांगते. घरातील चौघापाचांखेरीज हे कोणाला ठाऊक नव्हते. "पोरीची जात हाय नाना, बोभाटा नको," एवढेच माझी लेक म्हणे. वैद्यकीय दाखला काढला असता तर परीक्षेला जास्त वेळ मिळाला असता, लिहायला लेखनिक मिळाला असता. पण दाखला म्हणजे कागदावर आले, आणि कागदावर आले म्हणजे स्थळे आली नसती. म्हणून तो काढला नाही. पोर प्रश्नपत्रिकेला नाक लावून परीक्षा देत राहिली. आई धडे वाचून दाखवी, मी तिला संथा देई. मी एक चरण म्हणायचा, तिने तो दोनदा म्हणायचा. कानाने शिकून ती बारावीपर्यंत आली. पुढे वसतिगृहात ना आई असणार होती, ना मी. शिकवणारा एकदा बोलणार आणि निघून जाणार.

जालन्याचे ते दुकान काचेचे आणि थंडगार होते. विक्रेत्याने आधी एक घड्याळ काढले.

"हे बघा काका. पावलं मोजतं, झोप मोजतं, छातीचे ठोके मोजतं."

"वेळ दाखवतं का?" मी विचारले.

"दाखवतं की. पण त्याच्यासाठी कोण घेतंय?"

मग त्याने काचेची एक पाटी काढली, तिच्यावर रंगीबेरंगी मासे पोहत होते. मुलाचे डोळे माशांवर खिळले. "नाना, हे पुकारायला बराबर हाय. टॅबलेट म्हटलं की समद्यांना कळतं."

आमच्या शेजारी एक गृहस्थ आपल्या मुलासाठी कानात घालायच्या दोन बोंड्या निवडत होते. मुलाने त्या कानात घातल्या, बापाने हाक मारली, मुलाला ऐकू गेले नाही, तेव्हा वस्तू उत्तम असल्याची बापाची खात्री पटली. इतक्या समाधानाने स्वतःला मुलाच्या कानाबाहेर काढणारा बाप मी पूर्वी पाहिला नव्हता. त्या दुकानात जो तो असाच काही तरी विकत घेत होता. कशासाठी, हे एकानेही विचारले नाही. किती इंची, कोणता रंग आणि शेजाऱ्याकडे कोणता आहे, एवढ्यावर सारे ठरत होते.

तेवढ्यात नात म्हणाली, "दादा, आवाज भरून घ्यायचं मशीन हाय का? बटणांचं?"

"ते मोबाइलमध्येच होतं की, ताई."

"मोबाइलची बटणं काचेवर असतात. बोटाला लागत न्हाईत."

विक्रेत्याला यातले काही उमगले नाही. तरी त्याने वरच्या फळीवरून एक खोके काढले, त्यावरची धूळ बाहीने पुसली. "वकील लोक नेतात कधीमधी," असे म्हणत त्याने काड्याच्या पेटीहून जरा लांब असे एक करडे यंत्र नातीच्या हातात दिले. तिने ते ओढणीखाली नेले. बघितले नाहीच. बोटे फिरवली, एक उंचवटा दाबला आणि मला म्हणाली, "बोला, आजोबा."

मी एक श्लोक म्हटला. तिने तो ऐकवला. मग संथ करून ऐकवला, मग मागे नेऊन पुन्हा ऐकवला.

"हे बरं हाय," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा म्हणायला लावलं तरी कंटाळत न्हाई."

"मी कधी कंटाळलो?"

"बोलायचे न्हाई तुम्ही. श्वास सोडायचे मोठ्ठा."

विक्रेता हसला, मीही हसलो. मुलगा हसला नाही. त्याने मला बाजूला घेतले.

"नाना, हे पुकारायचं काय म्हणून? लोक इचारतील, हे कशाला दिलं."

"मग सांग, कशाला ते."

"अन् उद्या कोणी पोर बघायला आलं मंग?"

त्याचा मला राग आला, पण पुरता येईना. तो भाचीवर प्रेम करतो. त्याला फक्त ते प्रेम लोकांना ऐकू जायला हवे असते. अखेर त्याने एक मध्यममार्ग काढला. यंत्र घ्यायचे, पण आपल्या दुकानातील बियाण्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून वर सोनेरी कागद लावायचा. पुकारणाऱ्याने 'मामाकडून इलेक्ट्रॉनिक भेटवस्तू' एवढेच म्हणायचे. तळहाताएवढ्या खऱ्या वस्तूला हातभर खोटे खोके. या व्यवस्थेला मी मान हलवून संमती दिली. त्याची आज लाज वाटते.

सत्काराच्या दिवशी पोरीला शाल पांघरली, नारळ दिला. पुकारणाऱ्याने खोके उचलले, त्याच्या हलकेपणाने क्षणभर चकित झाला आणि ठरल्याप्रमाणे बोलला. पण जावयांच्या बहिणीचे समाधान झाले नाही. "उघडा की! बघू द्या मामानं काय आणलं!" पंगतीतून आणखी चार आवाज उठले. सोनेरी कागद फाडला गेला. आत बियाण्यांच्या जाहिरातीचे चित्र, त्याच्या आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि बोळ्यांच्या आत ते करडे यंत्र. पुकारणाऱ्याने ते वर धरून फिरवून पाहिले.

"हे काय हाय म्हणावं? रिमोट हाय का?"

"मंग टीव्ही मागून येऊन राह्यला आसंल!" कोणी तरी म्हणाले, आणि मांडव हसला.

मुलाचे तोंड उतरले. माझी लेक घाईघाईने म्हणाली, "गाणं भरायला हाय ते. गळा चांगला हाय ना तिचा."

नातीने पुकारणाऱ्याच्या हातातून माइक घेतला. तिचा हात एकदा हवेतच चुकला, मग तिला दांडा सापडला.

"गाण्याला न्हाई," ती म्हणाली. "मला बारीक अक्षर दिसत न्हाई. लहानपणापासून. कॉलेजात शिकवतील ते ह्याच्यात घेऊन मी ऐकणार हाय. मीच मागितलं मामाला."

हसणे थांबले. एवढा वेळ हसणारी तोंडे एकाएकी कनवाळू झाली, आणि ती कनवाळू तोंडे मला हसऱ्या तोंडांहून जास्त किळसवाणी वाटली. जावयांची बहीण डोळ्याला पदर लावू लागली. तेवढ्यात पहिल्या पंगतीत बसलेली आमच्या गावची एक म्हातारी उठली.

"मंग चातुर्मासात देवळात पोथी कशी वाचती ही? आमी समदे बघतो की. पानं उलटती."

नात माझ्याकडे वळली. खरे सांगितले असते तर आजोबा उघडे पडले असते, आणि खोटे तर तिने आताच टाकून दिले होते.

मी उभा राहिलो. जे या लेखात इथवर टाळले तेच तिथे बोलावे लागले. देवळात स्तोत्र म्हणायला तिला बसवत, तेव्हा पोथी तिच्यापुढे मीच ठेवी. कुठल्या चरणाला पान उलटायचे हे मीच तिला शिकवले होते. लोक म्हणत, काय वाचते पोर! मी नम्रपणे हात जोडत असे. देवाच्या गाभाऱ्यासमोर, सोवळे नेसून, वर्षानुवर्षे.

"ती वाचत नव्हती," मी म्हणालो. "तिला पाठ होतं. पान उलटायचं सोंग माझं."

"म्हणजे तुमीच फसवलं आमाला."

"हो."

म्हातारी दोन पावले पुढे आली. मग म्हणाली, "पाठ होतं तर सोंग कशाला केलं?"

पाठशाळेत आम्ही सारेच पाठ म्हणत असू आणि त्यातच भूषण मानत असू. ज्याचा अभिमान धरायचा तेच मी पोथीआड लपवले होते. बाजारू लोकांविषयी मी जो तिरस्कार पन्नास वर्षे जपला त्याचा मोठा हिस्सा माझ्याच वाट्याचा होता. पुकारणाऱ्याला इतका वेळ थांबणे परवडले नसावे. त्याने माइक परत घेतला आणि आत्याकडून आलेला स्टीलच्या डब्यांचा संच खणखणीत आवाजात पुकारला.

दोन दिवसांनी आम्ही तिघे पुन्हा जालन्याला गेलो, सरकारी रुग्णालयात, दाखल्यासाठी. मुलगा सकाळपासून रांगेत उभा राहिला. ओळखीचे दोघे भेटले, त्यांनी कशाला आलात म्हणून विचारले, आणि त्याने सांगितले. हळू आवाजात सांगितले, पण सांगितले. अर्जात दृष्टीविषयी लिहायला दोन ओळी मोकळ्या होत्या. लेखणी माझ्या हातात आली. मी जुन्या सवयीने सौम्य शब्द शोधू लागलो.

नात म्हणाली, "थांबा आजोबा. मी सांगते तसं लिहा."